क्रॅक काढून टाकलं, आता कार्ड कशाने बनवायचं?

पत्र: मी भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये काम करते. आम्ही शेतीपंपांचे स्टार्टर पॅनेल बनवतो. आता त्यात आमचं स्वतःचं कार्ड घालायचं आहे. एसटीएम३२ ही मायक्रोकंट्रोलर चिप तिन्ही फेज बघेल आणि गडबड झाली की मोटार तोडेल. शेजारी ईएसपी३२ ही ब्लूटूथवाली चिप, म्हणजे शेतकऱ्याला मोबाइलवरून ब्लूटूथने सेटिंग करता येईल. आजवर एका विकतच्या आयडीईची (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरची) क्रॅक केलेली प्रत वापरत होतो. एका गिऱ्हाइकाने सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यादी मागितली, तेव्हा साहेबांनी ती काढून टाकायला लावली. सगळं ओपन सोर्समध्ये होईल का? ओपन सोर्स वापरलं की आपला कोड लोकांना द्यावा लागतो, असं साहेब म्हणतात. तापकीर गल्लीतून ब्लू पिल (एसटीएम३२ चा छोटा बोर्ड) आणि एसटी-लिंक (त्यावर कोड चढवायचं डोंगल) आणलाय, पण चिपशी बोलणारं ओपनओसीडी 'अनएक्स्पेक्टेड आयडीकोड ०एक्स२बीए०१४७७' म्हणून थांबतं. ॲप अँड्रॉइडच्या कोटलिनमध्ये करू की आयफोनवरही चालणाऱ्या फ्लटरमध्ये? लॅपटॉप ८ जीबीचा आहे, अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की माउससुद्धा अडकतो. — एक वाचक, भोसरी

उत्तर: आधी एररचं बघू, कारण ती आजच सुटेल. पूर्ण ओळ लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसत्या 'चालत नाही'वर कुणालाच काही सांगता येत नाही. त्या आकड्यात '०एक्स'नंतरचा पहिला अंक बघा. ब्लू पिलवर असायला हवी त्या खऱ्या एसटीएम३२एफ१०३ मध्ये तिथे १ असतो, तुमच्याकडे २ आलाय. हा आकडा चिपच्या आतून येतो, वरच्या छपाईशी त्याचा संबंध नाही. म्हणजे ब्लू पिलवर नाव काहीही छापलेलं असो, आतली चिप जवळजवळ नक्कीच एसटी कंपनीची नाही, तिच्यासारखी वागणारी दुसरीच आहे. ओपनओसीडीने ती पकडली आणि हात वर केले.

उपाय एका ओळीचा आहे. सीपीयूटीएपीआयडी या व्हेरिएबलला तुम्हाला दिसलेला आकडा द्या, आणि हे मायनस सी लावून कमांडमध्येच द्या. फक्त क्रम सांभाळा: आधी इंटरफेसची एसटी-लिंक फाइल, मग ही ओळ, आणि शेवटी टार्गेटची एसटीएम३२एफ१एक्स फाइल. टार्गेटच्या फाइलनंतर दिलीत तर उपयोग शून्य, कारण तोवर त्या फाइलने आपला आकडा धरलेला असतो. इन्स्टॉल झालेली मूळ फाइल मात्र बदलू नका. सहा महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर बसाल आणि तीच एरर पुन्हा येईल.

शिकायला ही ब्लू पिल चालेल. विकायच्या कार्डात मात्र अशी चिप घालू नका; मोटार तोडायचा निर्णय जिच्यावर आहे ती चिप अधिकृत वितरकाकडून बिलासह घ्या.

एसटी-लिंकबद्दलही दोन गोष्टी. पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या स्वस्त डोंगलांत पिनांचा क्रम नगागणिक बदलतो. फोटो बघून वायर लावू नका, हातातल्या नगाच्या पत्र्यावर काय छापलंय ते वाचा. दुसरी गोष्ट, त्यावरची आरएसटी पिन बऱ्याचदा एसटीएम८ साठी असते, एसटीएम३२ च्या रिसेटला ती काही करत नाही. हे महत्त्वाचं अशासाठी की लवकरच एके दिवशी तुमची चिप 'मेलेली' दिसेल. एसटीच्या क्यूबएमएक्स या चिपची सेटिंग बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये डिबगच्या रकान्यात 'सीरियल वायर' निवडायचं राहिलं, तर तुमचाच प्रोग्राम सुरू होताक्षणी पीए१३ आणि पीए१४ या डिबगच्या पिना बंद करून टाकतो. पहिल्यांदा कोड नीट चढतो, दुसऱ्यांदा जोडणीच होत नाही. चिप मेलेली नसते. बूट० चा जंपर १ वर सरकवा, रिसेट दाबा, आता जोडा, फ्लॅश पुसा आणि जंपर परत ० वर आणा. मग ती सेटिंग दुरुस्त केल्याशिवाय पुन्हा बिल्ड करू नका.

आता साहेबांचा प्रश्न. करवत दुसऱ्याची होती म्हणून टेबल त्याचं होत नाही, हे साहेबांना पटेल. पण इथे करवतीचा थोडा भुसा टेबलात राहतो, आणि शंका तिथेच येते. जीसीसी हा ओपन सोर्स कंपायलर जीपीएल या, कोड उघडा ठेवायला लावणाऱ्या लायसन्सखाली आहे आणि ते स्वतःचे छोटे तुकडे तुमच्या प्रोग्रामात मिसळतं. एफ१०३ च्या कॉर्टेक्स-एम३ गाभ्यात फ्लोटिंग पॉइंट युनिट नाही, त्यामुळे तुमचा एक साधा फ्लोट गुणाकारसुद्धा जीसीसीच्या लिबजीसीसीतलं फंक्शन ओढून आणतो. नेमक्या या तुकड्यांसाठी जीसीसीच्या लायसन्समध्ये 'रनटाइम लायब्ररी एक्सेप्शन' आहे. त्यामुळे जीसीसीने बनवलेला प्रोग्राम तुमचाच राहतो, तो उघडा करावा लागत नाही. ओपनओसीडी, जीडीबी (डिबगर), किकॅड (सर्किट काढायचं) ही तर नुसती हत्यारं. त्यांतलं काही कार्डात जातच नाही.

कार्डात जातं ते वेगळं बघायचं. एसटीच्या हॅल ड्रायव्हरांचं (चिपचे भाग चालवणारा तयार कोड) लायसन्स बीएसडी, फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचं एमआयटी, ईएसपी-आयडीएफ या ईएसपी३२ च्या अधिकृत किटचं अपाचे २.०. यांत तुमचा कोड मागत नाहीत, फक्त त्यांची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर उत्पादनाच्या कागदांत द्यायचा. न्यूलिब म्हणजे सीची लायब्ररी. तिच्यातही अशाच छोट्या छोट्या नोटिसा आहेत. खरी काळजी एलजीपीएलची. एसटीएम३२ साठीची लिबओपनसीएम३ ही लायब्ररी एलजीपीएल आहे, ईएसपी३२ चा आर्डुइनो कोअरही. मोबाइलवर किंवा पीसीवर लायब्ररी वेगळी ठेवता येते. फर्मवेअरमध्ये सगळं एकाच गोळ्यात लिंक होतं. मग वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून पुन्हा लिंक करता यावी म्हणून तुमच्या ऑब्जेक्ट फायली द्याव्या लागतात. ते देण्यात कमीपणा नाही, पण साहेबांना आधी माहीत हवं. तुमच्या कामाला ही दोन्ही टाळता येतात, टाळाच.

गिऱ्हाइकाला हवी असलेली यादी म्हणजे हीच: घटकाचं नाव, आवृत्ती, लायसन्स, कार्डात जातो की फक्त टेबलावर वापरतो. आजपासून गिटमध्येच (कोडच्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर) ठेवा. आणि एक जागा हटकून राहते ती तपासा. क्रॅक काढलं तरी त्या आयडीईच्या फोल्डरमधून उचललेल्या स्टार्टअप फायली आणि लायब्ऱ्या प्रोजेक्टमध्ये तशाच असतात. प्रत्येक फाइलच्या माथ्यावरची नोटीस वाचा. क्यूबएमएक्स आणि क्यूबआयडीई फुकट आहेत, पण ओपन सोर्स नाहीत; वापरायला हरकत नाही, यादीत मात्र खरं तेच लिहा.

जुना कोड जीसीसीवर आणताना कुठे कुठे अडेल ते सविस्तर सांगतो, कारण वेळ तिथेच जातो. जुन्या कंपायलरची असेंब्लीतली स्टार्टअप फाइल जीसीसीला कळणार नाही. एसटीच्या पॅकेजमध्ये जीसीसीसाठी वेगळी असते, ती घ्या. स्कॅटर फाइलच्या जागी लिंकर स्क्रिप्ट येते, म्हणजे मेमरीत काय कुठे बसवायचं ते सांगणारी फाइल. त्यात फ्लॅश ६४ केबी आणि रॅम २० केबी बरोबर लिहिलंय ना, हे डोळ्यांनी बघा. न वापरलेली फंक्शनं गाळायला 'जीसी सेक्शन्स' लावाल, तेव्हा व्हेक्टर टेबलाभोवती (इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं त्या पत्त्यांची यादी) 'कीप' आहे याची खात्री करा, नाहीतर लिंकर तेही निरुपयोगी समजून टाकून देतो आणि बिल्ड मात्र हसतमुखाने पूर्ण होतं.

सगळ्यात फसवी चूक इंटरप्टची. जीसीसीच्या स्टार्टअप फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्ट हँडलरचं 'वीक' (दुसरं सापडलं नाही तरच वापरायचं) नाव आधीच दिलेलं असतं आणि ते सगळे एका डिफॉल्ट हँडलरकडे वळवलेले असतात. तो हँडलर म्हणजे न संपणारी लूप. आता तुम्ही टायमर २ च्या हँडलरच्या नावात एक अक्षर चुकलात, तर कंपायलर बोलणार नाही, लिंकरही नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही एक नवं, कुणीच न बोलावलेलं फंक्शन लिहिलंय. कार्ड चालू होतं, पहिला इंटरप्ट येतो आणि सगळं गोठतं. फाइल सी++ ची असेल तर नाव बरोबर असूनही हेच होतं, कारण सी++ नावाला शेपूट लावतं. तिथे 'एक्सटर्न सी' हवं. जीडीबीत थांबवून बघा: प्रोग्राम डिफॉल्ट हँडलरमध्ये बसलेला दिसला, तर मॅप फाइल उघडा आणि तुमच्या हँडलरला पत्ता मिळालाय का ते शोधा. जीसी सेक्शन्समुळे तो गाळलेल्यांच्या यादीत सापडेल.

दुसरं, 'आधी चालत होतं' म्हणून येणारा प्रकार. इंटरप्टमध्ये बदलणारा फ्लॅग व्होलाटाइल (दर वेळी नव्याने वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) नसेल, तर ऑप्टिमायझेशन चढवलं की मुख्य लूप तो एकदाच वाचते आणि कायम तेच धरून बसते. जुन्या कंपायलरने दया दाखवली असेल, जीसीसी दाखवेलच असं नाही. ऑप्टिमायझेशनची पातळी डिबग करताना 'मायनस ओजी', विकायच्या बिल्डला 'मायनस ओएस'. आणि विकायचं बिल्डच तपासायला घ्या. तिसरं, न्यूलिबची छोटी आवृत्ती न्यूलिब-नॅनो वापरल्यावर प्रिंटएफमधून फ्लोटच्या जागी रिकामं छापून येतं. तो बिघाड नाही, जागा वाचवायला तो भाग काढलेला असतो. लिंकरला मायनस यू देऊन 'अंडरस्कोर प्रिंटएफ अंडरस्कोर फ्लोट' मागता येतं, पण त्याने फ्लॅशमधली बरीच जागा खाल्ली जाते. त्यापेक्षा व्होल्टेज दहापट करून पूर्णांकात ठेवा: २३०.५ म्हणजे २३०५.

एडिटर कुठलाही चालेल. व्हीएस कोडचा सोर्स एमआयटीखाली आहे, पण मायक्रोसॉफ्ट वाटते ती बांधलेली प्रत त्यांच्या वेगळ्या लायसन्सखाली. यादी चोख हवी असेल तर व्हीएसकोडियम घ्या आणि सीमधल्या चुका लिहितानाच दाखवायला क्लँगडी जोडा. मात्र आयडीईच्या बटणाच्या आधी एकदा तरी टर्मिनलमधून कंपाइल करा, कोड चढवा, जीडीबीने ३३३३ पोर्टवर जोडून मेनवर ब्रेकपॉइंट लावा. हे तीन टप्पे वेगवेगळे दिसले की पुढे कुठलीही एरर आली तरी ती कुठल्या सांध्यातली आहे हे कळतं.

ईएसपी३२ साठी ईएसपी-आयडीएफ घ्या, एक आवृत्ती ठरवा आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत बदलू नका. ब्लूटूथसाठी ब्लूड्रॉइडऐवजी निंबल निवडा; तुम्हाला फक्त लो एनर्जी हवंय, रॅम आणि फ्लॅश दोन्ही वाचतात. उबंटू २२.०४ वर सीएच३४० या यूएसबी चिपचा बोर्ड लावला आणि पोर्ट क्षणभर दिसून गायब झालं, तर ते बीआरएलटीटीवाय या ब्रेल डिस्प्लेच्या सेवेने पळवलेलं असतं. लागत नसेल तर काढून टाका. पोर्ट दिसतं पण 'परमिशन' नाही म्हणतं, तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. काहीच दिसत नसेल तर केबल फक्त चार्जिंगची असेल.

कार्डाचा नकाशा काढताना ईएसपी३२ च्या तीन खोड्या लक्षात असू द्या. जीपीआयओ१२ सुरू होताना हाय असेल, तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट देऊ बघते आणि उठतच नाही. त्या पिनेवर पुल-अप किंवा रिले नको. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट, आतला पुल-अपही नाही. आणि यूएआरटी० या सीरियल पोर्टवर बूटचे मेसेज येतात, म्हणून एसटीएम३२ ची बोलणी तिथे जोडू नका, यूएआरटी२ घ्या. नाहीतर दर रिसेटला एसटीएम३२ ला भलतंच काहीतरी ऐकू येईल. दोन चिप ठेवायचं तुमचं ठरलंय ते योग्यच. ब्लूटूथ अडकलं म्हणून मोटारीचं संरक्षण अडकता कामा नये.

ॲपचं बघू. आयफोन लागत नसेल तर कोटलिन. एकच ॲप, एकच माणूस आणि सगळा जीव ब्लूटूथमध्ये; फ्लटर घेतलं तरी अडचण आली की खाली अँड्रॉइडमध्येच उतरावं लागतं. उद्या आयफोन हवाच झाला, तर मॅक आणि वर्षाला ९९ डॉलरचं खातं दोन्ही धरा.

८ जीबीत काम होईल, फक्त एम्युलेटर विसरा. तसंही त्याला तुमच्या टेबलावरचं कार्ड दिसत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, यूएसबी डिबगिंग चालू करा. स्टुडिओ बंद ठेवून ग्रेडलने टर्मिनलमधून बिल्ड करता येतं, एडीबीने फोनवर चढवता येतं आणि लॉगकॅटने काय चाललंय ते वाचता येतं. फोनचा पडदा लॅपटॉपवर हवा असेल तर एससीआरसीपीवाय आहे. ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये जावाची मेमरी २ जीबीवर बांधून टाका.

ब्लूटूथमध्ये पहिली तक्रार येईल ती 'यादीत काहीच दिसत नाही' ही. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये स्कॅनला लोकेशनची परवानगी लागते, आणि बहुतेक फोनांत नुसती परवानगी पुरत नाही, लोकेशन चालूही असावं लागतं. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ स्कॅन आणि ब्लूटूथ कनेक्ट या दोन वेगळ्या परवानग्या आल्या. दोन्ही वाटा लिहा, कारण गावात दोन्ही फोन भेटतील. ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केलंत तर अँड्रॉइड ७ पासून पुढे फोन गुपचूप काहीच देत नाही, एररसुद्धा नाही. 'पुन्हा शोधा' हे बटण वैतागलेला माणूस किती वेळा दाबतो ते तुम्हाला माहीत आहेच. ते काही सेकंद निष्क्रिय ठेवा.

जोडणी झाल्यावर एका वेळी एकच काम. एका राइटचा कॉलबॅक येण्याआधी दुसरी राइट पाठवली तर ती जात नाही. स्वतः रांग लिहा किंवा नॉर्डिकची अँड्रॉइड बीएलई लायब्ररी घ्या. तिचं लायसन्स बीएसडी आहे. सुरुवातीला एका पाकिटात २० बाइटच मावतात, जास्त हवे तर मोठा एमटीयू (पाकिटाचा आकार) मागून घ्या आणि मिळालं किती ते वाचा, गृहीत धरू नका. स्टेटस १३३ म्हणजे 'काहीतरी बिनसलं' एवढंच. गॅट (ब्लूटूथची ती जोडणी) क्लोज करा, क्षणभर थांबा, पुन्हा जोडा. फर्मवेअरमध्ये नवी सर्व्हिस घातली आणि फोनला दिसेना, तर फोन जुनी यादी धरून बसलाय. ब्लूटूथ बंद-चालू करा, जोडी तोडून पुन्हा जोडा. आणि पासकी ठेवा, दर पॅनेलला वेगळी, दाराच्या आतल्या स्टिकरवर. नाहीतर शेजारच्या बांधावरूनही तुमची मोटार बंद करता येईल.

प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर. ते कंपनीच्या नावाने काढा. नव्या वैयक्तिक खात्याला प्रकाशनाआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते.

पत्रात नसलेली, पण आधी करायची गोष्ट: पॅनेलमध्ये लागलेल्या कार्डाला लॅपटॉप जोडू नका. सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर नसून चौकोनी जाडसर एक्स२ कपॅसिटर असेल, तर कार्डाची ग्राउंड थेट लाइनवर असू शकते. एसटी-लिंकची वायर लावली की ती ग्राउंड यूएसबीतून लॅपटॉपच्या बॉडीवर आणि तुमच्या हातावर. जोडणं अटळच असेल तर एडीयूएम३१६० किंवा ४१६० चा यूएसबी आयसोलेटर मध्ये घाला; एसटी-लिंक व्ही२ ला त्याचा १२ मेगाबिटचा वेग पुरतो. त्या वेळी कार्डही लाइव्हच समजा, हात लावू नका. आणि कार्डाला स्वतःचा सप्लाय असेल तेव्हा डोंगलची ३.३ व्होल्टची वायर काढा. स्वस्त डोंगलात ती आउटपुट असते, दोन सप्लाय भांडतात.

फर्मवेअर टेबलावरच तपासा, आणि तिन्ही फेज तिथे तयार करा. त्या नकली ब्लू पिलला हे काम द्या. एका टायमरची तीन चॅनेलं २० किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएमवर (भराभर चालू-बंद होणारा सिग्नल) चालवा, साइनचं टेबल ५० हर्ट्झच्या चालीने वाचा, चॅनेलांत १२० अंशांचं अंतर ठेवा. दर चॅनेलला १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावलं की पीडब्ल्यूएम गाळून ५० हर्ट्झची लाट उरते. ती कार्डाच्या एडीसीला (व्होल्टेज मोजणाऱ्या इनपुटला) द्या, ग्राउंड एक करा. आता कीबोर्डवरून एक चॅनेल शून्य केलं की फेज गेली, दोघांची अदलाबदल केली की फेज उलटी, तिन्हींची उंची कमी केली की लो व्होल्टेज. प्रत्येक वेळी रिले किती मिलिसेकंदांत पडला ते स्वस्त आठ चॅनेलच्या लॉजिक ॲनालायझरवर पल्सव्ह्यू या प्रोग्राममध्ये मोजा आणि आकडा गिटमध्ये त्या बिल्डच्या शेजारी लिहून ठेवा.